ध्वनिक्षेपक कोणासमोर? गी पॉइतवाँ, डोंगरातल्या बाया आणि आपण

आवाज ही आपल्या चळवळीची पहिली मागणी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र काढले आणि त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले, यातच ती मागणी आली. पुढे आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डक आले, वामनदादा कर्डक आले, त्यांच्यामागून कॅसेटी आल्या, आणि आता चौदा एप्रिलला आमच्या भोरमध्ये ध्वनिक्षेपकांचे ढीग रचलेले दिसतात. आवाज मोठा झाला यात शंका नाही. पण त्या ध्वनिक्षेपकासमोर कोण उभे राहते हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. वक्ता उभा राहतो, गायक उभा राहतो, अलीकडे नगरसेवकही उभा राहतो. आमच्या वस्तीतली बाई मात्र सतरंजीवर बसून ऐकते. मी हा प्रश्न विचारायला लागलो तो एका परक्या माणसामुळे, आणि तोही तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी. म्हणून त्याच्याविषयी आणि त्याने ज्यांचे ऐकले त्यांच्याविषयी लिहितो आहे.

गी पॉइतवाँ यांचा जन्म १९३४ सालचा, फ्रान्समधला. तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकलेला हा माणूस १९७२ च्या सुमारास पुण्यात येऊन स्थायिक झाला. महाराष्ट्र तेव्हा दुष्काळाने करपलेला होता, माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली होती, आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. पॉइतवाँ मराठी शिकले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २००४ साली निधन होईपर्यंत पुणे हेच त्यांचे गाव राहिले. हेमा राईरकर या त्यांच्या आयुष्याच्या आणि कामाच्या जोडीदार. दोघांनी मिळून पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संशोधन संस्था उभारली. तिच्या बरोबरीने पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात ‘गरीब डोंगरी संघटना’ नावाचे काम उभे राहिले. हेमाताईही आता नाहीत.

परदेशातून येऊन इथलेच होऊन गेलेली माणसे महाराष्ट्राला नवीन नाहीत. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या, कासेगावच्या झाल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली तिथेच गेल्या. त्यांना आपण ओळखतो, कारण त्या आपल्या व्यासपीठावरून बोलल्या, फुले-आंबेडकरांवर लिहिल्या, मोर्चात चालल्या. पॉइतवाँ आपल्या ओळखीचे झाले नाहीत. त्याचे एक कारण असे की त्यांच्या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा होता, आणि ऐकणाऱ्याचे छायाचित्र सभेच्या वृत्तांतात येत नाही.

आता हा डोंगरपट्टा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. भोर आणि वेल्हे हे दोन शेजारी तालुके. वेल्ह्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले आहे, पण आमच्या तोंडात वेल्हेच बसलेले आहे. पाऊस उदंड, जमीन उताराची, पीक भाताचे, नाचणीचे आणि वरईचे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे पाठ्यपुस्तकात ज्यांनी वाचली त्यांना ती इतिहासाची वाटतात. आम्हांला ती सरपण आणण्याची ठिकाणे होती. घाट उतरले की महाड, म्हणजे चवदार तळे, पण वस्तीतल्या कित्येक म्हाताऱ्यांनी ते कधी पाहिले नाही. धरणे मात्र चोहीकडे. भाटघरचे धरण १९२८ चे, पानशेत १९६१ साली फुटले आणि पुन्हा बांधले गेले, त्यानंतर वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. पाणी इथे अडते आणि खाली पुण्याला, बारामतीला, फलटणला जाते. गडी माणूसही त्याच वाटेने खाली गेला. मुंबईच्या गोदीत, गिरणीत, पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला. मागे राहिली बाई, शेताचा तुकडा आणि जाते.

जात्याविषयी दोन शब्द. पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, दळण बसे. खालची तळी पक्की, वरची खुंट्याने फिरवायची, एका हाताने मूठमूठ नाचणी घालायची. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात. हे श्रम नुसत्या अंगाने होत नाहीत, त्याला सूर लागतो. दोन ओळींची ओवी, पहिली ओळ एकीने म्हणावी, दुसरी तिनेच पुरी करावी किंवा समोरचीने. घरातले पुरुष झोपलेले असत, आणि नेमकी हीच वेळ अशी की बाई काय म्हणते याकडे कोणाचे लक्ष नसे. म्हणून सासरविषयी, नवऱ्याविषयी, न आलेल्या भावाविषयी जे दिवसा बोलता येत नाही ते जात्यावर बोलता येई. पिठाची गिरणी आली, कंबर वाचली हे चांगलेच झाले. पण ती बोलण्याची जागाही गेली.

पॉइतवाँ आणि राईरकर या डोंगरात ओव्या गोळा करायला म्हणून आले नव्हते. आधी संघटना झाली. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा भागांतल्या गरिबांनी एकत्र बसायचे, रेशन, रोजगार, शाळा, दवाखाना, दारू या गोष्टींवर बोलायचे, आपल्यातूनच कार्यकर्ते उभे करायचे, अशी रीत. ब्राझीलच्या पाउलो फ्रेअरे यांनी जे सांगितले, की शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याचा शब्द ऐकावा, त्याच जातीचा हा विचार होता. बायांच्या बैठका होऊ लागल्या तेव्हा एक अडचण आली. सभेत बाई बोलेना. पदर तोंडाला लावून ती म्हणे, मला काय कळतंय. पण तिला गायला सांगितले की ती थांबेना, आणि जे ती सभेत बोलत नव्हती ते सगळे त्या गाण्यात होते. मग ओवी ऐकायची, ती कोणी म्हटली, कशावरून म्हटली, तुझ्या घरी असे होते का, यावर बोलायचे, असा मार्ग सापडला. १९८५ साली या बायांच्या बोलण्यावर पॉइतवाँ आणि राईरकर यांचे पुस्तक फ्रेंचमध्ये निघाले, १९९३ साली त्याचे इंग्रजी रूप आले.

ओव्या गोळा करणाऱ्याही त्याच बाया झाल्या, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुळशीतल्या कोळवड्याच्या ताराबाई उभे, नांदगावच्या कुसुमताई सोनवणे अशा कार्यकर्त्या स्वतः गाणाऱ्या आणि स्वतः विचारणाऱ्या होत्या. पुण्याचा प्राध्यापक वही घेऊन आला तर बाई त्याला देवाच्या चार ओव्या सांगून वाटेला लावते. शेजारच्या गावची बाई आली तर ती जात्याशी बसते. पुढे हे काम डोंगराबाहेर मराठवाड्यापर्यंत गेले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या, गावे हजाराहून अधिक, गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक. १९९६ पासून बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभियंते त्यात आले. त्यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले आणि प्रत्येक ओवीची नोंद संगणकात बसवली. पॉइतवाँ आणि राईरकर यांच्या पश्चात हे धन ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’कडे आले, आणि २०१७ पासून त्या ओव्या तिथे आवाजासह, अर्थासह लोकांसमोर येऊ लागल्या.

मी मात्र सुरुवातीला हे सगळे संशयाने वाचले. धरणाच्या गावचा माणूस मी. पाणी जसे इथून गेले तसे गाणेही गेले, आता ते पॅरिसच्या आणि दिल्लीच्या कपाटात साठले असेल, वर लोक पदव्या घेत असतील, असे मला वाटले. हा संशय अगदीच खोटा आहे असे आजही म्हणणार नाही. पॉइतवाँ यांची पुस्तके फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत, जड तात्त्विक भाषेत. ज्या बाईच्या ओवीवर ती उभी आहेत तिला ती वाचता येणार नाहीत. ‘गरीब डोंगरी’ या नावात डोंगर आहे, गरिबी आहे, जात नाही. पाटलाच्या वाड्यातल्या सुनेची ओवी आणि आमच्या वस्तीतल्या बाईची ओवी शेजारी ठेवली की दोघींचे जाते सारखे दिसते. पण कोणाच्या जात्यावर स्वतःचे धान्य होते आणि कोणाच्या जात्यावर दुसऱ्याचे, हे विचारावेच लागते.

दोन गोष्टींनी माझा संशय सैल केला. पहिली साधी आहे. तिथे प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव आहे. आपल्याकडे लोकगीत म्हटले की ते ‘लोकांचे’, म्हणजे कोणाचेच नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये मोठ्या मायेने ओव्या गोळा केल्या, त्यांचे ऋण आहेच, पण त्या विषयांप्रमाणे लावलेल्या आहेत, गाणारणींप्रमाणे नव्हेत. मी बी. ए.च्या वर्गात लोकसाहित्य शिकवतो तेव्हा पुस्तकात ‘एक अनाम स्त्री’ असे शब्द येतात. अनाम कशी असेल? तिला नाव होते, विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या साहित्याशी जोडलेली आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले; ते १९९० साली फ्रेंचमध्ये नेले ते गी पॉइतवाँ यांनी. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेले तेही त्यांनीच, १९९१ साली. दलित आत्मकथनांवर आपल्याकडे ‘हे वाङ्मय की कागदपत्र’ असा वाद रंगलेला होता, त्या काळात हा माणूस या पुस्तकांच्या एकेका शब्दाशी झुंजत होता. आणि त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ साली पॅरिसमधून त्यांचे जे पुस्तक निघाले ते आंबेडकरांवरच्या जात्यावरच्या ओव्यांचे. ज्याने जात पाहिली नाही असा आरोप मी मनाशी करत होतो, त्याने शेवटी मागे ठेवले ते हे.

त्या ओव्यांविषयी थोडे थांबून लिहितो. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रण झाले. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतच्या बाया भीमावर, बुद्धावर, दीक्षेवर, रमाईवर गात आहेत. छंद तोच, विठ्ठलाचा होता तो. ‘पहिली माझी ओवी’ म्हणून ज्या जागी देव बसत असे त्या जागी बाबासाहेब बसले आहेत. कोणा कवीने लिहून दिलेले हे गाणे नाही, कोणा जलशातून आलेले नाही. १९५६ च्या धर्मांतराचा अर्थ या बायांनी जात्यावर बसून स्वतः लावला, आणि तो आपल्या एकाही ठरावात नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या बायांना बोलते केले, तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळले की किती जणी गाळल्या गेल्या होत्या. ज्या सभेलाही गेल्या नाहीत, ज्यांनी चळवळ फक्त जात्यावर केली, त्या या फितींमध्ये आहेत.

माझी आजी त्यांतली होती. आमच्या घरी नव्वदीच्या दशकातही नाचणी घरीच दळली जाई, गिरणी दोन मैलांवर होती. ती गाई. रामाचे गाई, सीतेचे गाई, पंढरीचे गाई, भावाचे गाई. मी घरातला पहिला शिकणारा. वसतिगृहातून सुट्टीला आलो तेव्हा बावीस प्रतिज्ञा मला पाठ होत्या. मी आजीला म्हणालो, “आजी, आपण बौद्ध आहोत. रामाचं गाणं म्हणायचं नाही.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याची घरघर नुसतीच ऐकू आली. त्यानंतर मी घरी असताना तिने ओवी म्हटली नाही. मी ते शहाणपण समजलो. पुढे ती गेली. तिचा आवाज कुठेही नाही.

आज वाटते, मी तिला निदान विचारायला हवे होते की सीतेचे काय गातेस. पॉइतवाँ आणि राईरकर यांनी हेच विचारले. ओव्यांतली सीता ही देवळातली नाही. तिचा वनवास हा बाईचा सासुरवास आहे, आणि तिला रानात सोडणाऱ्याला त्या ओव्या काही माफ करत नाहीत. माझी आजी रामाची पूजा बांधत नव्हती. कदाचित ती तक्रार नोंदवत होती आणि मी तिची तक्रार बंद केली. प्रतिज्ञा चुकीच्या होत्या असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या मी आजही म्हणतो. ऐकण्याआधी बोललो, ही चूक माझी होती.

पॉइतवाँ यांना मी प्रसारक म्हणतो ते एवढ्यासाठी. त्यांच्याजवळ केंद्र नव्हते, मनोरा नव्हता. पण आकाशवाणीच्या इतिहासाशी ताडून पाहिले तर त्यांचे वेगळेपण समजते. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याहून एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ मंडळे नेमली, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो ऐकून मंडळाने चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. भारतातल्या ग्रामीण प्रसारणात तो मोलाचा प्रयोग मानला जातो, आणि त्यात गावाला उलट बोलण्याची सोय होती हे खरे. तरी विषय पुण्यात ठरत, मंडळांत प्रामुख्याने पुरुष बसत, आणि गावाचा आवाज कागदावर बसून केंद्रात जाई. डोंगरात जे झाले त्यात दिशा उलटी होती. बाई आधी, यंत्र नंतर, जाणकार सर्वांत शेवटी.

कायद्यानेही पुढे तीच दिशा थोडीशी मान्य केली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते. २००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली. शक्ती थोडी, टप्पा दहा-बारा किलोमीटरचा, आणि स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी. म्हणजे गावाने गाणे गावे, पण तलाठ्याने काय केले ते सांगू नये! तरीही १५ ऑक्टोबर २००८ रोजी आताच्या तेलंगणातल्या माचनूर गावी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित स्त्रिया, बियाणे, बाळंतपण, गाणी, भाकरी हे त्यांचे विषय. त्याच साली साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. आमच्या भोर-वेल्ह्यात असे काही नाही. डोंगराच्या आडोशाला पुण्याची केंद्रेही खरखरतात, आणि ‘पारी’वरच्या ओव्या ऐकायच्या तर फोन घेऊन खिंडीपर्यंत चढावे लागते, कारण वस्तीत रेंज नाही. आमच्याच डोंगरातल्या ओव्या जगभर ऐकू येतात आणि आमच्या वस्तीत येत नाहीत. पाण्यासारखेच झाले म्हणायचे.

गेल्या वर्षी वर्गात मी माजलगावच्या ओव्या फोनवर लावल्या. मुले गप्प होती. डी. जे.वर भीमगीतांना नाचणारी मुले, पण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. थकलेला, मधेच श्वास घेणारा, साथीला काही नाही. तास संपल्यावर वेल्ह्याकडची एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, “सर, माझी पणजी असं म्हणते. पण आम्ही तिला गप बस म्हणतो.”

रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. वस्ती टेकडीच्या पोटाला, वर पत्रे, दारात नाचणीची कणसे वाळत घातलेली. म्हातारी ऐंशीच्या पुढची. जाते अंगणात तुळशी वृंदावनासारखे पालथे घातलेले, त्यावर कपडे धुतात. नातवाने ते सुलटे केले. ती आधी तयारच होईना.

“मला कशाला बोलिवतूस? त्या पोरीला म्हणाया सांग, ती साळंत जाती.”

“आजी, तिला येत नाही.”

“येईल कसं? आमाला म्हणूच दिलं न्हाई कुणी.” मग फोनकडे बघून म्हणाली, “ह्ये कुठवर जातं?”

मी सांगितले, आजी, परदेशातसुद्धा जाईल.

“परदेशात जाऊ दे. खालच्या आळीत जाईल का?”

जाईल म्हणालो. ध्वनिक्षेपक मंडळाचा आहे, मंडळात मी बोलतो. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “मग नाव घालायचं. माझं नाव घालायचं, नुसतं म्हातारी म्हनायचं न्हाई.” मी ध्वनिमुद्रण सुरू केले. तिने आधी आपले नाव सांगितले, मग माहेरचे गाव, मग सासरचे. मग खुंट्याला हात घातला आणि पणतीला समोर बसायला सांगितले.